ठेवला तरी गुन्हा, काढला तरी गुन्हा

रिमांड रिपोर्ट, म्हणजे आरोपीची कोठडी मागताना पोलीस कोर्टाला देतात तो कागद, हातात पडला की मी वकील म्हणून आधी शेवटचं पान उघडते. पोलीस कोठडी कशासाठी हवी याची कारणं तिथे असतात, आणि तपास कुठे अडलाय ते त्यातून बऱ्यापैकी कळतं. त्या दिवशीच्या पानावर दुसरं कारण होतं : ‘आरोपी क्र. ३ याने ग्रुप ॲडमिन या नात्याने सदर चिथावणीखोर मेसेजला मूकसंमती दिलेली आहे.’ आणि पाचवं : ‘आरोपी क्र. ३ याने सदरचा मेसेज ग्रुपवरून डिलीट करून पुरावा नष्ट केलेला आहे.’ आरोपी एक, मेसेज एक, पानही एकच.

हा आरोपी क्रमांक तीन म्हणजे माझा पक्षकार. वय तेवीस. सोयाबीनच्या भावासाठी तालुक्यात रास्ता रोको झाला, तेव्हा हा फाट्यावर नव्हताच, घरी बसून आंदोलनाचा व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळत होता. कुठल्या गावातून किती ट्रॅक्टर निघाले, पाण्याचे जार कुणी आणायचे, निवेदन किती वाजता द्यायचं, असा सगळा मजकूर. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७चा मनाई आदेश लागू होता. दुपारी बारानंतर कुणीतरी एसटीवर दगड मारला. पुढची काच फुटली आणि ड्रायव्हरच्या कपाळाला टाके पडले. हे मी मुद्दाम आधी सांगतेय. त्या ड्रायव्हरचा सोयाबीनच्या भावाशी काही संबंध नव्हता, तो ड्यूटीवर होता.

फिर्यादीत बेकायदेशीर जमाव, दंगल, कट, सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान, शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३, म्हणजे लोकांना चिथावणारी विधानं. आणि पुरावा नाहीसा केल्याबद्दल कलम २३८.

पोलिसांच्या कागदांत ग्रुपचा एक स्क्रीनशॉट होता. त्यात दुसऱ्या एका मुलाचा मेसेज : ‘एसटी दिसली की काच राहता कामा नये. पिशवीत दगड घेऊनच या.’ वेळ १०:४२. त्याखाली काहीच नाही, चित्र तिथेच कापलेलं.

माझ्या पक्षकाराचा फोन जप्त होता. त्याचे चुलते त्याच ग्रुपमध्ये होते, ते कोर्टाच्या व्हरांड्यात उभे होते. मी म्हटलं, “काका, तुमचा फोन द्या, आणि कृपा करून त्यातलं काहीही काढू नका.” स्क्रीनला आडवा तडा गेलेला, उन्हात नीट दिसेना, म्हणून भिंतीकडे तोंड करून मी वर सरकत गेले. १०:४२च्या जागी आता राखाडी अक्षरांत एक ओळ होती, ॲडमिनने हा मेसेज हटवला असं सांगणारी. खाली १०:४९ला पक्षकाराचाच मेसेज : ‘असलं काही करायचं नाही. ज्याला जमत नसेल त्यानं घरी थांबावं. दगड दिसला तर मी स्वतः नाव सांगीन.’ मग ११:३० च्या सुमाराचा आणखी एक : ‘फाट्यावर पोलिसांची दुसरी गाडी आली. बायका, म्हातारी माणसं मागं घ्या. कुणी पुढं रेटू नका.’ हा शेवटचा मेसेज फिर्यादीत होता, पण अर्धाच. पहिलं वाक्य घेतलं होतं, पुढची दोन गाळली होती.

मी तिथेच चॅट एक्स्पोर्ट करून घेतली आणि समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली.

तेवढ्यात दुसऱ्या मुलाची आई आली. दगडाचा मेसेज लिहिणारा तो. एकोणीस वर्षांचा. “ताई, दोघांचंही तुम्हीच बघा ना, दोघं एकाच शाळेतले.” मला नाही म्हणावं लागलं. माझ्या पक्षकाराचा सगळा बचाव त्या मुलाच्या मेसेजपासून त्याला वेगळं काढण्यावर उभा होता. दोघांचं वकीलपत्र घेतलं असतं तर एकावर तरी अन्याय झाला असता. वकील संघातल्या एका ज्युनियर मित्राला मी त्यांच्यासाठी बोलावून घेतलं. आणि खरं सांगायचं तर तो मेसेज अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसतो, असं कोर्टात उभं राहून मला म्हणता आलं नसतं. रस्त्यावर लोक जमायला लागलेत, एसटी येणार आहे, आणि आपण सांगतोय दगड आणा. शब्द आणि कृती यांच्यात तिथे फार अंतर उरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात २०१५ साली माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ, म्हणजे ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला गुन्हा ठरवणारं कलम, रद्द केलं, तेव्हा हीच पायरी दाखवली होती. एखाद्या विषयाची चर्चा करणं वेगळं, त्याची बाजू लावून धरणं वेगळं आणि चिथावणी देणं वेगळं. पहिल्या दोन गोष्टी कितीही झोंबणाऱ्या असल्या तरी संरक्षित आहेत, कायदा तिसरीपाशी आत येतो. त्या खटल्यामागे आपल्या पालघरच्या दोन मुलींची २०१२ मधली अटक होती, एका फेसबुक पोस्टपायी झालेली. आमच्या राज्यातल्या वकिलांनी तरी ते विसरू नये.

सुनावणी दुपारी झाली. सरकारी वकील तयारीने आले होते, आणि त्यांचा युक्तिवाद मला आजही पोकळ वाटत नाही. मी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल ठेवला : सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, समान इरादा किंवा आधी ठरलेला बेत दिसत नसेल तर, ग्रुप ॲडमिनला फौजदारी जबाबदार धरता येत नाही. त्याला सदस्य घेता येतात, काढता येतात, पण कोण काय लिहितो हे आधी अडवता येत नाही. यावर सरकारी वकील उठले. “सर, तो निकाल आला तेव्हा ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज काढताच येत नव्हता. व्हॉट्सॲपने ती सोय २०२२ मध्ये दिली. अधिकार आला की जबाबदारी येते.” मुद्दा बिनतोड होता. पण मग त्यांनी पुढचं वाक्य उच्चारलं : आणि या आरोपीने तो अधिकार वापरून पुरावा नष्ट केला.

न्यायाधीशांनी रिमांड रिपोर्टचं ते पान पुन्हा वर घेतलं. तपासी अंमलदारांना विचारलं, “मेसेज ठेवला असता तर संमती म्हटली असती. काढला तर पुरावा नष्ट. मग ॲडमिनने करायचं काय होतं?”

तपासी अंमलदार म्हणाले, पोलिसांना कळवायला हवं होतं. उत्तर अगदीच चुकीचं नाही. पण न कळवणं हा कट होत नाही.

कलम २३८ला दोन गोष्टी लागतात. गुन्हा घडलाय हे माहीत असणं, किंवा तसं मानायला कारण असणं, आणि गुन्हेगाराला शिक्षेतून वाचवण्याचा हेतू. काच फुटली बारानंतर, मेसेज हटवला गेला १०:४९च्या आधी. फार तर चिथावणीचा गुन्हा तेवढ्यात पुरा झाला होता असं म्हणता येईल. तरीही वाचवण्याचा हेतू असलेला माणूस दोनशे लोकांसमोर ‘मी स्वतः नाव सांगीन’ असं लिहीत नाही. ती प्रिंट मी न्यायाधीशांपुढे ठेवली. त्यांनी १०:४९ची ओळ पेनाने अधोरेखित केली.

खरी चकमक उडाली ती पोलिसांच्या गाडीच्या मेसेजवर. सरकारी वकिलांचं म्हणणं, घरी असला तरी हा मोबाइलवरून जमावातच होता, जमावाला पोलिसांच्या हालचाली पुरवत होता. कलम १९०प्रमाणे बेकायदेशीर जमावातल्या प्रत्येकावर समान उद्देशाने केलेल्या गुन्ह्याची जबाबदारी येते, तर मग याच्यावरही येते. या युक्तिवादाची मला मनापासून भीती वाटते. ग्रुपमध्ये असणं म्हणजे जमावात असणं, हे एकदा मान्य झालं की ज्याने फोन बाजूला ठेवून शेतात दिवस काढला तोही दंगलीतला आरोपी ठरतो. जमावात माणूस स्वतःच्या पायांनी जातो आणि वातावरण बिघडलं की निघून येऊ शकतो. ग्रुपमध्ये त्याला कुणीतरी जोडलेलं असतं. बाहेरून मदत केली असेल तर कायद्यात अपप्रेरणेचं (गुन्ह्याला चिथावणं किंवा मदत करणं) आणि कटाचं कलम आहेच, पण तिथे हेतू सिद्ध करावा लागतो. तो टाळण्याची वाट म्हणून कलम १९०चा वापर होता कामा नये.

आणि गाडी फाट्यावर उभी होती. शेकडो लोकांना ती दिसत होती. जे डोळ्यांना दिसतंय ते लिहिणं हा गुन्हा कसा? ‘गाडी येतेय, डाव्या बाजूने पळा, तोवर काम उरका’ असं लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी. इथे पुढचं वाक्य म्हाताऱ्यांना मागे घेण्याचं आहे. मी मेसेज पूर्ण वाचून दाखवला, सावकाश. दिल्लीच्या सत्र न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाच्या टूलकिट प्रकरणात (आंदोलनाला पाठिंबा कसा द्यावा हे सांगणारा ऑनलाइन दस्तऐवज) जामीन देताना व्हॉट्सॲप ग्रुप तयार करणं हा स्वतः गुन्हा नाही असं म्हटलं होतं, तेही सांगितलं. आमच्या कोर्टावर तो आदेश बंधनकारक नाही, हे न विचारता सांगून टाकलं.

जुन्या नागपूर उच्च न्यायालयातला १९४६चा न्यायमूर्ती व्हिवियन बोस यांचा निकष मी अशा प्रत्येक प्रकरणात काढते. शब्दांचा परिणाम खंबीर, विवेकी माणसावर काय होईल ते पाहा, दुबळ्या आणि डळमळीत मनाच्या माणसावरून ठरवू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकावरचा व्हॉट्सॲप स्टेटसचा गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये रद्द केला, तेव्हा याच ओळींचा आधार घेतला.

पोलीस कोठडी नाकारली गेली. एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली, लगेच जामीन अर्ज टाकला, सरकारी वकिलांचा से, म्हणजे लेखी म्हणणं आलं आणि संध्याकाळी कोर्ट उठायच्या आत आदेश मिळाला. जामीनदार म्हणून चुलतेच उभे राहिले. सोशल मीडियावर काहीही लिहू नये अशी अट सरकार पक्षाने मागितली होती. न्यायाधीशांनी ती घातली नाही, साक्षीदारांशी संपर्क नको एवढंच लिहिलं. माझ्या दृष्टीने जामिनाइतकंच ते मोलाचं होतं. दुसऱ्या मुलाला एका दिवसाची पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी मिळाली, नंतर त्यालाही जामीन झाला.

फोन मुद्देमालात आहे. तो सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, परत मिळावा म्हणून अर्ज दिलाय, फॉरेन्सिकचा अहवाल यायचाय म्हणून तारखा पडताहेत. आरोपपत्र दाखल झालं, त्यातून कट वगळलाय, पण कलम १९० आणि २३८ तशीच आहेत. स्क्रीनशॉटही तोच, १०:४२ला कापलेला. खटला चालण्याआधीच आरोपातून मोकळं करावं, असा दोषमुक्तीचा अर्ज मी तयार केलाय. त्यात पहिला परिच्छेद १०:४९च्या मेसेजचा आहे, आणि तो मूळ फोनमधूनच कोर्टापुढे यावा अशी मागणीही केली आहे.