साहेबांपासूनचे अंतर

लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत, जेवणानंतरच्या सुस्तीच्या वेळी, आम्हाला देशोदेशीच्या सहकाऱ्यांकडून काम करून घेण्याचे इंग्रजी शिकवले जात होते. पडद्यावर ‘पॉवर डिस्टन्स’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते आणि त्याखाली दोन आकडे होते: भारत ७७, नेदरलँड्स ३८. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातले अंतर माणसे किती मुकाट्याने मान्य करतात, याचे हे मोजमाप गीर्ट हॉफ्स्टेडे या डच अभ्यासकाने १९८० साली मांडले. आयबीएमच्या निरनिराळ्या देशांतील कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या प्रश्नावल्या त्याच्या मुळाशी होत्या. ७७ पाहून वर्गात खसखस पिकली, कारण पहिल्या रांगेत आमचे साहेब बसले होते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

माझ्या वाट्याचे अंतर मी निराळ्या रीतीने सांभाळतो. आमचे ॲमस्टरडॅमचे वरिष्ठ माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. त्यांना सगळे नुसत्या नावाने हाक मारतात, ते माझ्या तोंडून निघत नाही. ‘सर’ म्हटले तर तेच अवघडतात. म्हणून मी हाकच मारत नाही. कॉलवर त्यांचे बोलणे थांबले की घसा खाकरायचा आणि थेट विषयाला हात घालायचा. आमच्या आजीनेही आजोबांना कधी हाक न मारता उभा संसार केला.

आजोबा त्याच परिसरातल्या एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, जॉबर होते; कामगार भरती करणारा आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारा मुकादम तो जॉबर. शिकवणाऱ्या बाई ‘हाय-कॉन्टेक्स्ट’ संस्कृतीकडे वळल्या, म्हणजे एडवर्ड हॉल यांनी सांगितलेली, शब्दांपेक्षा न बोललेल्यावर अधिक भिस्त ठेवणारी माणसे. तेव्हा माझे लक्ष आजोबांकडेच गेले. इंग्रज साहेब ‘इंटरेस्टिंग’ म्हणाला तर प्रस्ताव बहुधा बारगळला असे समजावे आणि डच माणसाच्या रोखठोक नकाराने दुखावून जाऊ नये, हे मी वहीत उतरवून घेतले खरे. पण आजोबांच्या हाताखाली कोकणातली माणसे होती, घाटावरची होती आणि उत्तरेकडचे भय्येही होते. कोकणी माणसाला गणपती आणि शिमगा सुटत नसे, घाटावरच्याला गावची जत्रा आणि पेरणी, आणि भय्या एकदा गाडीत बसला की महिना-दीड महिना त्याच्या परतण्याची आशा नसे. इतक्या सगळ्यांच्या रजा सांभाळून साचे चालते ठेवायचे होते. डिलाईल रोडच्या चाळीत त्यांचे जुने सोबती मला सांगत की, रजा मागितली तर दादा ‘नाही’ असे कधी म्हणत नसत. ‘बघू’ म्हणत. मग कानामागची पेन्सिल काढली तर रजा मिळाली, आणि तपकिरीची डबी काढली तर पुढच्या पगारापर्यंत विषय काढायचा नाही, हे साऱ्या खात्याला ठाऊक होते. एवढे आम्हाला दोन दिवसांच्या प्रशिक्षणात कोणी शिकवू शकेल, असे मला वाटत नाही.

हे मी चहाच्या सुट्टीत कौतुकाने सांगितले आणि सगळे हसले. जे सांगितले नाही ते असे की, जॉबर नोकरी लावून देण्यासाठी दस्तुरी, म्हणजे वरकमाईचे पैसे, घेत, ही गिरणगावात सर्वांना माहीत असलेली गोष्ट होती, आणि आमचे आजोबा त्याला अपवाद होते असे घरात कोणी कधी म्हटलेले मी ऐकले नाही. हॉफ्स्टेडेच्या प्रश्नावल्या आयबीएमच्या कायम नोकरदारांनी भरल्या होत्या. गैरहजर असलेल्याच्या जागी रोजावर घेतला जाणारा बदली कामगार सकाळच्या भोंग्याला डबा घेऊन गिरणीच्या दरवाजाशी उभा राही. जॉबरने मान हलवली तर आत, नाही तर त्या दिवसाचा पगार बुडाला.