कुंडीतली ब्रोकोली: गड्ड्याचा आकार आधीच ठरतो

ब्रोकोलीचा गड्डा लिंबाएवढाच राहिला की घाईघाईने खत घातलं जातं. तोवर वेळ गेलेली असते. गड्डा धरण्याआधी झाडाला पंधरा-वीस चांगली रुंद पानं आलेली नसतील, तर नंतर काहीही घाला, तो मोठा होत नाही. म्हणून सगळी मेहनत आधी करायची.

पहिली गोष्ट पेरणीची वेळ. गड्डा भरताना १५ ते २० अंश तापमान मानवतं. पुणे-नाशिककडे ही थंडी डिसेंबर-जानेवारीत मिळते, म्हणजे बी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पडायला हवं. नोव्हेंबरअखेर पेरलं तर गड्डा फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात सापडतो: कळ्या सुट्या होतात, मधूनच पानं डोकावतात आणि बघता बघता पिवळी फुलं उमलतात. मुंबई-कोकणात लवकर तयार होणारं संकरित बी ऑक्टोबरच्या मध्याला पेरा आणि गड्डे लहान येतील हे धरून चाला.

रोपांसाठी ट्रेमध्ये कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं भरून बी अर्धा सेंटीमीटर खोल टाका. पाच-सहा दिवसांत उगवतं. उगवल्या दिवसापासून ट्रे उजेडात हवा, नाहीतर रोपं लांबट आणि लुळी होतात. पाणी सकाळीच द्या. ट्रे सतत ओलागच्च राहिला तर रोपं बुडाशी काळी पडून कोलमडतात. भरतानाच मिश्रणात थोडं ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळलेलं बरं.

२५ ते ३० दिवसांनी, चार-पाच पानांवर, रोप कुंडीत लावायचं. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. चाळीस-पन्नास दिवस ट्रेमध्ये अडकलेलं रोप ‘आता पुरे’ समजून लगेच बटणाएवढा गड्डा धरतं. नर्सरीतून आणताना उंच रोपाला भुलू नका. देठ लाकडासारखा कडक झालेला किंवा मुळं तळाशी गोल गुंडाळलेली दिसली तर ते घेऊ नका.

कुंडी किंवा ग्रो बॅग बारा इंच रुंद, बारा इंच खोल, आणि तिच्यात एकच रोप. दोन लावली तर दोन्ही उपाशी राहतात. चार भाग माती, तीन भाग चांगलं कुजलेलं शेणखत, तीन भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. जागा किमान सहा तास उन्हाची. खिडकीच्या ग्रिलमध्ये तीन तास ऊन येत असेल तर ब्रोकोलीऐवजी पालक लावा.

कुंडीतलं खत पाण्याबरोबर वाहून जातं, म्हणून दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत द्या. पानं फिकी वाटली तर आठवड्यातून एकदा लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) द्या. गड्डा दिसू लागला की नत्र आवरतं घ्या. भरमसाट वाढीने देठ आतून पोकळ होतो. देठ पोकळ आणि सोबत तपकिरी डाग असतील तर बोरॉन कमी पडतंय. पुढच्या वेळी पुनर्लागवडीनंतर तीन आठवड्यांनी आणि गड्डा धरण्याआधी, अशी दोनदा बोरॅक्सची फवारणी करा, लिटरला एक ग्रॅम. मात्र वजन करूनच घ्या. जास्त झालं तर पानांच्या कडा करपतात. पाण्यात खंड नको. माती एकदा कोरडी ठाक, एकदा चिखल, असं झालं की वाढ अडखळते.

पानांवर बारीक खिडक्यांसारखी भोकं दिसली तर ती चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी. रोज सकाळी पानं उलटून बघा, अळ्या हाताने वेचा, आणि संध्याकाळी पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. मावा कळ्यांत शिरला की धुऊनही निघत नाही, त्यामुळे तो कोवळ्या पानांवर असतानाच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडायचा.

लावणीनंतर ६० ते ८० दिवसांत गड्डा चार-सहा इंचांचा होतो. फ्लॉवरसारखी वर पानं बांधायची गरज नाही. कळ्या घट्ट आणि गर्द हिरव्या असतानाच, सकाळी, पाच-सहा इंच देठासकट तिरका काप द्या. तिरक्या कापावर पाणी साचत नाही. अजून मोठा होईल म्हणून थांबलात की पिवळा पडलाच. कापल्यावर झाड उपटू नका. लगेच दोन मुठी गांडूळखत घाला. पानांच्या बगलेतून छोटे फुटवे येतात आणि थंडी टिकली तर पुढचे तीन-चार आठवडे भाजीपुरती ब्रोकोली मिळत राहते. कोवळी पानंही फेकू नका, लसूण-मिरचीवर परतून चांगली लागतात.