तुम्ही विचारलंत म्हणून: ती हाडाची पूड कशाची असते?

दाताच्या इम्प्लांटआधी (जबड्यात बसवायच्या कृत्रिम मुळाआधी) जबड्यात हाड भरावं लागेल म्हटलं की पेशंट हमखास विचारतात, "डॉक्टर, ती पूड गाईची असते का हो?" काहीजण आवाज अगदी खाली आणतात. संकोच कशाला? तोंड तुमचं आहे, विचारायलाच हवं.

सरळ उत्तर: बरेचदा हो. सर्वांत जास्त अभ्यास झालेली पूड गुरांच्या हाडाचीच आहे. तिच्यातली प्रथिनं काढून टाकलेली असतात, उरतं ते खनिज. ते फार सावकाश झिजतं. काही वर्षांनीही त्याचे दाणे नव्या हाडात दिसतात.

पुडीबद्दल सगळे विचारतात, तिच्यावर अंथरायच्या विरघळणाऱ्या पडद्याबद्दल मात्र सहसा कोणी विचारत नाही. तो बहुधा कोलॅजेनचा असतो, म्हणजे प्रथिनाचाच, आणि ते कोलॅजेन पुष्कळदा डुकराचं किंवा गुरांचं असतं.

पडद्याशिवाय चालणार नाही का? हिरडीच्या पेशी वेगाने वाढतात, हाडाच्या सावकाश. मोकळी जागा दिसली की हिरडी ती आधी बळकावते. स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या संशोधकांनी 1988 मध्ये उंदरांच्या जबड्यात दोन्ही बाजूंना आरपार भोकं पाडली आणि एका बाजूला टेफ्लॉनचा पडदा लावला. पडद्याच्या बाजूला हाड भरून आलं, उघड्या बाजूला बहुतांशी मऊ ऊतीच वाढल्या. पूड घातलीच नव्हती! टेफ्लॉन काढायला मात्र दुसरी शस्त्रक्रिया लागते, म्हणून विरघळणारे पडदे आले. ते मऊ असल्याने खाली बसतात. पूड त्यांना खालून उचलून धरते आणि वेलीला मांडव मिळावा तसा नव्या हाडाला आधार देते.

पूड आम्ही वाटीत तुमच्याच रक्तात भिजवतो. कोरडे, सुटे दाणे रक्त प्यायले की एकमेकांना धरतात आणि चमच्यावर गोळा उचलता येतो. कोरडा असताना ताठ असलेला पडदा ओला झाला की हाडाच्या उंचसखलपणावर चपखल बसतो. मग हिरडी आतून सैल करून अजिबात ताण न देता शिवायची. टाके ताणले तर जखम उघडते आणि उघडा पडलेला पडदा वेळेआधीच विरघळतो. ब्रँडपेक्षा मी या शिवणीला जास्त मानतो.

जनावराचं नको असेल तर पर्याय आहेत. हायड्रॉक्सीॲपेटाइट किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट ही कृत्रिम खनिजं, तुमच्याच अक्कलदाढेमागचं हाड, किंवा मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या टिश्यू बँकेसारख्या ठिकाणचं, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं मानवी दात्याचं हाड. पडदा पॉलिलॅक्टिक ॲसिड या कृत्रिम, विरघळणाऱ्या पदार्थाचाही मिळतो. तुमच्या रक्तापासून पीआरएफ (प्लेटलेट्सनी भरलेल्या फायब्रिनचा मऊ थर) बनवता येतं, पण ते फार लवकर विरघळतं, त्यामुळे मोठ्या खड्ड्यावर एकट्या पीआरएफवर मी विसंबत नाही.

तेव्हा संमतिपत्रावर सही करण्याआधी पूड आणि पडदा, दोन्हींचे खोके मागून घ्या आणि मूळ स्रोत काय लिहिलाय ते डॉक्टरांकडून वाचून घ्या.