भाचीची पहिली तीन कॉलेजं

माझी भाची २०२५ मध्ये बारावी झाली. तिच्या इंजिनिअरिंग प्रवेशाचं काम मात्र आम्ही सुरू केलं ते ती अकरावीत असताना, दिवाळीच्या सुट्टीत, आणि तेही तिच्या आजोबांच्या शाळेपासून.

मी नाशिकला ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. ताई-दाजींची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. दरवर्षी जून-जुलैत आमच्या स्टाफरूमच्या दारात पालक उभे असतात, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत गुणपत्रिका, आणि एकच प्रश्न, "सर, व्हॅलिडिटी नाही, आता काय?" त्या वेळी फार काही हातात उरलेलं नसतं. म्हणून भाचीने सायन्स घेतल्यावर मी दाजींना म्हटलं, अभ्यासाचं ती बघेल, कागदाचं आपण आत्ताच बघू.

जातीचा दाखला घरात होता. पण राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजेच ती व्हॅलिडिटी, लागतं, आणि ओबीसीसाठी पुरावा हवा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. भाचीचा जन्म २००७ चा, दाजींचा १९७६ चा. म्हणजे आजोबांकडे जाणं आलं. आजोबा वारलेले. चौथीपर्यंत शिकले होते एवढंच घरात माहीत. गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो. मुख्याध्यापिका बाईंनी कपाट उघडून जुनी जनरल रजिस्टरं टेबलावर ठेवली. कडा भुरभुरत होत्या, पान उलटायचं तर तळहातावर घ्यावं लागत होतं. दोन तासांनी दाजींचं बोट एका ओळीवर थांबलं. नाव म्हाळू, पुढे वडिलांचं नाव, जात लिहिलेली, आडनाव मात्र नाही. पुढच्या सगळ्या कागदांवर नाव म्हाळूजी आणि आडनावासकट. दाजी त्या ओळीकडे बघत राहिले. म्हणाले, "वडिलांचं बालपणीचं काहीच नव्हतं आमच्याकडं. फोटोसुद्धा नाही."

त्या नोंदीचा उतारा घेतला. दोन नावं एकाच माणसाची हे दाखवायला वंशावळीचं शपथपत्र केलं, आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल मिळवली, त्यात पणजोबांच्या नावासमोर मुलगा झाल्याची नोंद सापडली. ज्यांच्या भावकीत आधीच कुणाला व्हॅलिडिटी मिळालेली असेल त्यांनी ती प्रत पहिल्यांदा मागावी, काम पुष्कळ हलकं होतं. आमच्याकडे तसं कुणी नव्हतं. अर्ज कॉलेजमार्फत गेला, एकदा त्रुटी निघाली, ती पूर्ण केली, आणि बारावीच्या सहामाहीच्या आधी प्रमाणपत्र हातात आलं. नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र, मात्र मुद्दाम उशिरा काढलं, कारण ते ३१ मार्च २०२६ पर्यंत चालणारं हवं होतं. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल ही कामं सेतू केंद्रात झाली, त्यांबद्दल वेगळं सांगण्यासारखं नाही.

सीईटीबद्दल, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेबद्दल, मी तिला फार उपदेश केला नाही. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, म्हणजे २०० पैकी निम्मा पेपर गणिताचा. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. आणि अकरावीच्या भागावर साधारण २० टक्के प्रश्न असतात, तो भाग पोरं विसरून गेलेली असतात, एवढं तीनदा सांगितलं. जूनमध्ये निकाल लागला. पर्सेंटाइल नव्वदीच्या वर आलं. फार मोठं नाही, पण चांगलं.

खरी परीक्षा त्यानंतर होती, ती तिची एकटीची नव्हती.

कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, ऑप्शन फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पर्याय भरता येतात. पसंतीचा क्रम आपण ठरवायचा. २०२५ ला चार फेऱ्या होत्या आणि नियम असा, की पहिल्या फेरीत यादीतला पहिला पर्याय मिळाला तर तो आपोआप फ्रीज, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी मिळाला तर फ्रीज, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. फ्रीज झालं म्हणजे पुढच्या फेरीला जाता येत नाही. त्यामुळे पहिली तीन नावं ही नुसती यादी राहत नाही. तिथे जे लिहाल ते घेण्याची तयारी घरात सगळ्यांची हवी.

आमच्या घरात ती नव्हती. भाचीला अवसरीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय हवं होतं, पुणे-नाशिक हायवेवर मंचरजवळ. कॉम्प्युटर मिळालं तर उत्तम, नाही तर ई अँड टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. दाजींना नाशिकमधलं खासगी कॉलेज हवं होतं, दिंडोरीहून पंचवीसेक किलोमीटर, घरून जाऊन-येऊन करता येईल असं. दाजी चुकीचे होते असं मी म्हणणार नाही. त्या वर्षी मे महिन्यात पाऊस पडत राहिला, एप्रिलच्या छाटणीनंतर ऊन मिळालं नाही, काडीत घड धरतील की नाही याची धास्ती होती. होस्टेल आणि मेसचा खर्च त्यांना रात्री झोपू देत नव्हता. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे, प्रवेश कॅपमधून असला पाहिजे, हे मी त्यांना निर्णयाची प्रत काढून दाखवलं. त्यावर ते म्हणाले, "मामा, फी माफ झाली. पोरगी लांब राहणार त्याचं काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते ताईकडे होतं, पण ती त्या दिवशी काही बोलली नाही.

रविवारी सगळे माझ्याकडे आले. मी जुन्या कॅलेंडरची पानं कापून चिठ्ठ्या केल्या होत्या, एका चिठ्ठीवर एक कॉलेज आणि एक शाखा. मागच्या वर्षीच्या कटऑफच्या याद्यांमधून निवडलेल्या चाळीसेक. तिथल्या कोडमधली अक्षरं समजून घ्यावी लागतात. एल म्हणजे मुलींच्या जागा, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, आपल्याच विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांसाठीच्या जागा. नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे हे तिन्ही जिल्हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात येतात, म्हणून पुण्याची कॉलेजंही आपल्याला होमच. चिठ्ठ्या फरशीवर पसरल्या आणि भाचीला म्हटलं, कटऑफ विसर. दोन चिठ्ठ्या उचल. उद्या दोन्हीकडून बोलावणं आलं तर कुठे जाशील? ती वर ठेव.

दाजींनी लगेच अडवलं. मिळणारच नाही ते वर ठेवून खालचं हातचं जाईल, ही त्यांची भीती. हे मी दरवर्षी ऐकतो आणि दरवर्षी वही उघडून समजावतो. जागावाटप गुणवत्ता क्रमाने होतं. आपला नंबर आला की आपली यादी वरून खाली वाचली जाते, जिथे जागा शिल्लक असेल तिथे नाव लागतं. पहिलं मिळालं नाही म्हणून दुसऱ्यासाठीचा आपला नंबर मागे जात नाही. पुण्याचं सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेज वर लिहिल्याने नाशिकचं कॉलेज रुसत नाही. नुकसान होतं ते उलट केलं तर. जे मनापासून नको आहे ते वर लिहिलं आणि मिळालं, की सुटका नाही.

चिठ्ठ्या हलत राहिल्या. पहिली सीओईपीची, दुसरी अवसरी कॉम्प्युटर. तिसऱ्या जागी दोन चिठ्ठ्या आल्या, अवसरी ई अँड टीसी आणि नाशिक कॉम्प्युटर. भाचीचा हात थांबला. तिने वडिलांकडे पाहिलं. तेव्हा ताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "मला दहावीनंतर नाशिकला ठेवायला कुणी तयार नव्हतं. पंचवीस किलोमीटर तेव्हा लांबच होतं." एवढंच. माझ्याच घरातली गोष्ट होती ती. मी तेव्हा शाळेत होतो, आणि पुढे मला मात्र नाशिकला ठेवलं गेलं.

दाजींनी खाली वाकून अवसरीची चिठ्ठी वर सरकवली.

यादी भाचीने स्वतः भरली, स्वतःच्या मोबाइलवर ओटीपी घेऊन. हे मुद्दाम लिहितो, कारण त्याच आठवड्यात आमच्या सिडकोतल्या शेजाऱ्यांचा मुलगा आला. त्याची नोंदणी एका सायबर कॅफेत झाली होती, मोबाइल नंबरही कॅफेवाल्याचा. कॅफेवाल्याने मागच्या वर्षीच्या कटऑफच्या उतरत्या क्रमाने नावं टाकून दिली होती, मुलाला विचारलंही नव्हतं. वडील अंबडला कंपनीत, उत्पन्न आठ लाखांच्या आत, तरी टीएफडब्ल्यूएसचा, म्हणजे शिक्षण शुल्क माफ असलेल्या जागांचा, एकही पर्याय नाही. त्या जागांचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी टी असलेला, आणि तो वेगळा भरावा लागतो. फॉर्म अजून कन्फर्म झालेला नव्हता म्हणून रात्री अकरा वाजेपर्यंत बसून दुरुस्त करता आला. त्याला पुढे टीएफडब्ल्यूएसमधून मेकॅनिकल मिळालं, त्याने मागितलेलंच.

भाचीला पहिल्या फेरीत नाशिकचं मिळालं. ते यादीत चौथं होतं, म्हणून फ्रीज झालं नाही. एक हजार रुपये भरून ती जागा हातात ठेवली आणि बेटरमेंटला, म्हणजे वरचा पर्याय मिळतो का बघायला पुढच्या फेरीला, गेलो. दुसऱ्या फेरीत तिसरा पर्याय लागला. अवसरी, ई अँड टीसी. ताईने फोनवर दोनदा विचारलं, "म्हणजे आता बदलत नाही ना?" नाही बदलत, म्हटलं.

सोडायला दाजी गेले. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत गाडी मंचरला पोचली तेव्हा त्यांनी मला फोन केला आणि रस्ता चांगला आहे, असं सांगितलं. दुसरं काही बोलले नाहीत.

धाकटा भाचा आता दहावीत आहे. मागच्या महिन्यात दाजी त्याला घेऊन आले, फाईलमध्ये आजोबांच्या नोंदीचा उतारा आणि वर बहिणीची व्हॅलिडिटी. "याचं कधी सुरू करायचं, मामा?" मी म्हटलं, आधी त्याला विचारू, त्याला सायन्स घ्यायचंय का.