लम्पी नव्हता, गोचीडताप निघाला

सप्टेंबर २०२२. जनावरांचे बाजार बंद आणि गावात ज्याच्या त्याच्या तोंडी लम्पी, गाईंच्या अंगावर फोड उठवणारा विषाणूचा रोग. अशात आमच्या एचएफ (होल्स्टीन जातीच्या) गाईनं सकाळी आंबोणाला तोंडच लावलं नाही. थर्मामीटर लावला तर १०६. आई म्हणाली, "झालं, आली आपल्या दारात."

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आणि दावणीला दोन गाई. आजारी गाईच्या खांद्यापुढं लिंबाएवढी गाठ हाताला लागत होती. लम्पीतही ताप येतो, अशा गाठी सुजतात, म्हणून कुणी दुसरा विचारच केला नाही. अंगावर फोड एकही नव्हता, पण "उठतील दोन दिवसांत" म्हणून आम्ही वाट बघत बसलो. अँटिबायोटिक झालं, तापाची इंजेक्शनं झाली. दुपारी ताप उतरायचा, दिवेलागणीला परत चढायचा.

चौथ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी आधी डोळ्याची पापणी उलटून पाहिली. आतून पांढरीफटक. मग कासेमागं हात घालून एक गोचीड उपटली आणि माझ्या तळहातावर ठेवली. रक्त पिऊन टम्म, अगदी एरंडीच्या बीसारखी.

"रक्त तपासू. तोवर लम्पी म्हणू नका."

कानाच्या शिरेतून एक थेंब काचपट्टीवर घेतला, दुसऱ्या पट्टीच्या कडेनं पातळ पसरवला, वाळवला. रक्ताची बाटली बर्फात ठेवून मी नाशिक गाठलं. तिथं फॉर्मवर बिल्ल्याचा नंबर हवा होता, आणि तो मी आणलाच नव्हता. घरी फोन लावला. पोरगं गाईचा कान धरून बारा आकडे वाचतंय, गाय मान झटकतेय आणि मागं रांग लागलेली. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमलं.

तपासणाऱ्या ताईंनी मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. फिक्या गुलाबी पेशी आणि काहींच्या पोटात जांभळे ठिपके, कुठं अंगठीसारखे, कुठं स्वल्पविरामासारखे. थायलेरिया, म्हणजे गोचीडताप, गोचीड चावल्यानं होणारा. विषाणू नाही, जीवाणू नाही, एका पेशीचा परजीवी. आमच्या त्या इंजेक्शनांनी ताप का हटला नाही, ते तिथं कळलं.

खरं तर मला हे आधीच सुचायला हवं होतं. बागेत हाच धडा मी पैसे मोजून शिकलोय. पहिल्या वर्षी द्राक्षावरच्या डावणी रोगावर गंधक मारत बसलो होतो. गंधक हे भुरी या दुसऱ्या रोगाचं औषध, कारण भुरी खरी बुरशी. डावणी दिसते बुरशीसारखी, पण ती जात वेगळीच, शेवाळांच्या कुळाकडची. तिला मोरचूद-चुन्याचं बोर्डो लागतं. पानावर तेलकट डाग आणि खाली पांढरी लव दिसली की आता मी पंप भरायच्या आधी पान उलटतो. टोमॅटोवर विषाणू आला तेव्हा औषधच नव्हतं. झाडं उपटली आणि मावा आवरला. पानं उलटून बघणारा मी गाईची पापणी मात्र उलटून पाहिली नाही.

छातीचा घेर मापून वजन काढलं, त्या हिशेबानं ब्युपार्वाक्वोन या थायलेरियावरच्या औषधाचं इंजेक्शन मानेत खोल दिलं. दुसऱ्या दिवशी ताप १०३, तिसऱ्या दिवशी गाय रवंथ करू लागली. दूध मात्र चौदा लिटरवरून सहावर आलं होतं, नऊच्या वर गेलंच नाही त्या वेतात. दुसऱ्या गाईला लम्पीची लस टोचून घेतली. ती शेळ्यांच्या देवीची लस, पण गाईंना तीच देत होते.

उरला गोठा. गोचीड लहान असताना आजारी गाईचं रक्त पिते, कात टाकते आणि मोठी होऊन दुसऱ्या गाईला चिकटते. मधला मुक्काम भिंतीत. मी फ्लेमगन घेऊन दगडी भिंतीच्या फटी भाजायला लागलो, तर आतून तडतड आवाज येत होता, मोहरी फुटावी तसा. आई दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "एवढ्या होत्या होय रे!"