सव्वा किलोचा हिशेब

आमच्या घरी ॲल्युमिनियमचा एक जुना ट्रायपॉड, म्हणजे कॅमेऱ्याची तिपाई, आहे. त्याचे वजन हेडसकट, म्हणजे कॅमेरा बसवायच्या वरच्या भागासकट, २ किलो ८०० ग्रॅम भरते, आणि हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण गल्लीत आलेल्या रद्दीवाल्याच्या काट्याला लावून मी ते स्वतः पाहिले आहे. तो भाव सांगू लागला, तेव्हा ही वस्तू विकायची नसून नुसती तोलायची आहे हे त्याला पटवून देताना माझी थोडी तारांबळ उडाली. भाचा या ट्रायपॉडला ‘मावशीची पहार’ म्हणतो. पहार भक्कम आहे, वाऱ्याला दाद देत नाही. दोष एवढाच की सॅक भरताना दर वेळी ती शेवटी उरते आणि ‘या खेपेला राहू दे’ असे म्हणून पुन्हा दाराआड उभी केली जाते. मग गडावर सांज कलली, उजेड कमी होऊन शटर अर्धा सेकंद उघडे ठेवायची वेळ आली, की मी कोपर बरगड्यांना टेकवून, श्वास रोखून, कॅमेरा ठेवण्याजोगा एखादा सपाट दगड शोधत तटावरून हिंडत राहते.

म्हणून प्रवासाला नेता येईल असा कार्बन फायबरचा ट्रायपॉड घ्यायचे ठरले. ‘हलका’ हा शब्द मात्र फसवा आहे. दुकानात हातात धरले तर दोन किलोही हलकेच वाटतात. खांद्याचे मत चढावर घ्यावे लागते. मी ते पर्वतीवर घेतले. रोजच्या सामानाने भरलेल्या सॅकमध्ये पहिल्या दिवशी पाण्याची एक लिटरची एक बाटली जास्त घातली, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. एका बाटलीची खांद्याने दखल घेतली नाही, दोन बाटल्यांना अर्ध्या पायऱ्यांवर कुरकुर सुरू झाली, आणि तिसऱ्या दिवशी मी देवदर्शन न घेताच खाली उतरले. त्यावरून सव्वा किलो ही मर्यादा पक्की केली.

कार्बन फायबरचा धागा केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका बारीक असतो. असे हजारो धागे राळेत भिजवून, थरावर थर देत त्यांची नळी बनवतात. ॲल्युमिनियमच्या एका घन सेंटिमीटरचे वजन २.७ ग्रॅम, तर या नळीच्या तेवढ्याच तुकड्याचे सुमारे १.६ ग्रॅम. शिवाय धक्क्याने उठलेली थरथर तिच्यात लवकर विरते, आणि थंडीतल्या पहाटे तिला हात लावला तर धातूसारखा चटका बसत नाही. ‘गिट्झो’ या फ्रान्समध्ये जन्मलेल्या कंपनीने १९९४ साली या नळ्यांचा ट्रायपॉड बाजारात आणला, तेव्हापासून फोटो काढणाऱ्यांच्या मनात हे काळे पाय घर करून बसले आहेत. आपटल्यावर ॲल्युमिनियमला पोचा येतो, कार्बनला थेट चीर जाते, ही त्याची दुसरी बाजू.

मी मनातल्या मनात २.७ आणि १.६ यांचे त्रैराशिक मांडले होते आणि वजन चाळीसेक टक्क्यांनी घटणार म्हणून खुशीत होते. तो हिशेब साफ चुकला. नळ्या कार्बनच्या झाल्या तरी वरचा सांधा, हेड, कुलपे आणि स्क्रू धातूचेच राहतात. ‘पीक डिझाइन’चा प्रवासी ट्रायपॉड दोन्ही प्रकारांत मिळतो, त्याचेच आकडे पाहावेत: ॲल्युमिनियमचा १.५६ किलो, कार्बनचा १.२७ किलो. कार्बनच्या चढ्या किमतीची उडी अवघ्या २९० ग्रॅमसाठी मारायची, म्हणजे एक फुलपात्रभर पाणी आणि वर घोटभर. हे कळल्यावर मी दोन दिवस बाजाराचे नावच काढले नाही.

खरी गोम नळी कशाची आहे यापेक्षा ती किती जाड आहे यात असते. भिंतीची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर तिचा ताठपणा आठपट होतो. २२ मिलिमीटरच्या जागी २८ मिलिमीटर घेतले, तरी तो जवळपास दुप्पट होतो. आता गंमत अशी की ट्रायपॉड घडी केल्यावर आखूड व्हावा म्हणून एका पायात चार किंवा पाच नळ्या एकीत एक घालतात, आणि दर नळी वरच्या नळीपेक्षा बारीक करावीच लागते. पाच टप्प्यांच्या पायाची शेवटची नळी कधी कधी पेन्सिलीपेक्षा जराच जाड उरते, आणि सगळा डोलारा तिच्यावर उभा. मधला दांडा वर खेचून उंची गाठणे म्हणजे तर तीन पाय पसरून त्यांच्या डोक्यावर एकपायी बगळा उभा करणे होय. सुदैवाने माझी उंची ५ फूट २ इंच आहे. कॅमेरा आणि हेड मिळून जवळजवळ वीतभर उंची देतात, तेव्हा दांडा न उचलता सव्वाशे सेंटिमीटर मिळाले की माझे काम भागते. बुटकेपणाचा आयुष्यात झालेला हा पहिला रोख फायदा.

दुकानदार भला माणूस होता, पण त्याचा भर एकाच आकड्यावर. ‘‘मॅडम, बारा किलो लोड घेतो, लिहूनच दिलंय बघा.’’ माझा कॅमेरा लेन्ससकट दीड किलोचा. बारा किलोचे मी काय करणार, त्यावर कणकेचा डबा ठेवणार? शिवाय हा आकडा कसा काढायचा याची कंपन्यांत एकवाक्यता नाही, आणि मोडून न पडणे म्हणजे न हलणे नव्हे. म्हणून मी माझी परीक्षा घेतली. कॅमेरा लावला, समोरच्या भिंतीवरच्या कालनिर्णयातली एकादशी पडद्यावर दहापट मोठी केली, पायावर टिचकी मारली आणि अक्षरे स्थिर होईपर्यंत आकडे मोजले. पाच टप्प्यांच्या, एक किलोच्या देखण्या ट्रायपॉडवर चारपर्यंत मोजूनही एकादशी डुलतच होती. चार टप्प्यांच्या, २५ मिलिमीटर नळीच्या दुसऱ्यावर दोन म्हणेपर्यंत ती शांत झाली. तो हेडसकट १ किलो ३५० ग्रॅमचा. मर्यादेवरचे १०० ग्रॅम मी लाडवांच्या डब्यातून वजा करायचे ठरवले आणि पैसे मोजले.

घडी ४५ सेंटिमीटरची असल्याने तो एसटीच्या फळीवर सहज मावतो. विमानात हातातल्या सामानाला सात किलोची मर्यादा असते, तिथेही तो फार जागा अडवत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत, जिथे अंधार सर्वांत दाट आहे, तिथे मात्र पुरातत्त्व खात्याच्या परवानगीखेरीज ट्रायपॉड उघडता येत नाही. तिथे पहार आणि पीस सारखेच.

पहिली खरी कसोटी एप्रिलच्या अमावास्येला हरिश्चंद्रगडावर लागली. पाचनई गावात सॅकला बांधलेला ट्रायपॉड पाहून एका आजोबांनी विचारले, ‘‘मोजणीला आलाव का, बाई?’’ तीन पायांची वस्तू गावात आली म्हणजे कुणाच्या तरी बांधावरून रस्ता जाणार, हा अनुभव त्यांच्या प्रश्नात होता. आभाळाचे फोटो काढायला आले आहे, असे मी म्हटल्यावर त्यांनी ट्रायपॉड हातात घेऊन तोलला आणि परत देत म्हणाले, ‘‘मंग वाऱ्याला धरून ठिवा म्हंजी झालं.’’

पहाटे तीनच्या सुमारास मी कोकणकड्यापासून बरीच आत, झोपडीच्या जवळ ट्रायपॉड लावला. दक्षिणेकडे आकाशगंगेचा दाट भाग वर आला होता. लेन्समधली कंपरोधक सोय बंद केली, शटर वीस सेकंद उघडे ठेवले, दोन सेकंदांचा टायमर लावून हात मागे घेतला. फोटो पाहिला तर तारे तांदळाच्या दाण्यांसारखे दिसायच्या जागी अळ्या. कड्यावरून येणारा वारा झोतांनी येत होता, आणि दर झोताला काळे पाय किंचित थरथरत होते. पहार असती तर हलली नसती. पण पहार पुण्यात दाराआड उभी होती. मधल्या दांड्याच्या आकड्याला मी सॅक अडकवली, तर ती झोपाळ्यासारखी हेलकावे घेऊ लागली आणि अळ्या आणखी लांबल्या.

झोपडीवाला मामा शेकोटीशी जागाच होता. थोडा वेळ माझी खटपट पाहून तो उठला, एका गोणपाटात चार-पाच धोंडे घालून घेऊन आला आणि म्हणाला, ‘‘छपरावर बी आम्ही ह्येच करतो, ताई.’’ गोणी आकड्याला अशी बांधली की तिचा तळ जमिनीला जेमतेम टेकला; वजन तर मिळाले, पण झुलणे बंद. मीही खालच्या बारीक नळ्या आत सारल्या, ट्रायपॉड गुडघाभर उंचीचा केला आणि स्वतः जमिनीवर मांडी घातली. त्यानंतरच्या सात फोटोंपैकी पाचांत तांदूळ तांदूळच राहिले.

तेव्हापासून ट्रायपॉडच्या पिशवीत दोन वाव सुतळी आणि भाजीची एक रिकामी कापडी पिशवी कायम असते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही मिळून ९० ग्रॅम भरतात, तेव्हा लाडवांच्या डब्यावर पुन्हा गदा आली आहे.