नाचायला जाताना लागलेलं गाव

शनिवार, ११ ऑक्टोबर. ग्रीनफिल्ड, मॅसॅच्युसेट्स

रात्रीचे बारा वाजून गेलेत. पोटऱ्या भरून आल्यात, पण झोप काही येत नाही. नवरा केव्हाच झोपला. मोटेलच्या टेबलावरचा दिवा लावून लिहितेय.

कॉन्ट्रा डान्ससाठी, म्हणजे समोरासमोर रांगा करून नाचायच्या इथल्या लोकनृत्यासाठी, गाडी काढायची आणि वाटेत लागेल ते बघत जायचं, याला आता सहा वर्षं झाली. बॉस्टनजवळच्या आमच्या घरून ग्रीनफिल्ड दोन तासांवर. आज मात्र सकाळीच निघालो, कारण मला वाटेत डॅना बघायचं होतं. डॅना म्हणजे एक गाव. खरं तर गावाची जागा.

पीटरशममध्ये ४० नंबरच्या फाटकापाशी गाडी लावायची आणि पावणेदोन मैल चालायचं. झाडी दोन्ही बाजूंनी लाल-पिवळी झालेली, रस्त्यावर पानांचा थर. चालता चालता दगडी कुंपणं दिसू लागतात, आणि एवढ्या रानात ही कुणी घातली असतील असा विचार येतो न येतो तोच झाडी सरते आणि गावाचं पटांगण समोर येतं.

१९३८ साली डॅना, एनफिल्ड, ग्रीनविच आणि प्रेस्कॉट ही चार गावं कायद्याने रद्द केली गेली. बॉस्टनला पाणी हवं होतं, म्हणून स्विफ्ट नदी अडवून क्वाबिनचा तलाव केला. अडीच हजारांच्या आसपास माणसं उठली. साडेसात हजारांवर मृतदेह कबरींतून काढून नव्या दफनभूमीत नेले. डॅनाचं हे पटांगण पाण्याखाली गेलंच नाही; पाणी स्वच्छ राहावं म्हणून काठावरची घरंसुद्धा पाडली. आता उरलेत तळघरांचे चौकोनी खड्डे, त्यांच्या कडेला रचलेले दगड आणि पुढे तिथल्या इमारतीचा जुना फोटो. ही शाळा. हे हॉटेल. हा टाउन हॉल. एका खड्ड्यात हाताच्या कवेत मावणार नाही एवढं झाड उभं होतं. मी त्याच्या शेजारी बराच वेळ बसले.

माझं आजोळ कोयनेच्या शिवसागरात गेलंय. आई तेव्हा आठ वर्षांची होती. लहानपणापासून मी ते गाव फक्त ऐकलंय, त्याचा एकही फोटो आमच्याकडे नाही. इथे दर खड्ड्यापुढे फोटो आहे. मला हेवा वाटला, आणि रडूही आलं. वर हेही खरं की क्वाबिनचं पाणी आमच्या घरच्या नळाला येतं. मी रोज त्यातच भात शिजवते.

पण मी आले होते ती आणखी एका गोष्टीसाठी. २७ एप्रिल १९३८ च्या रात्री एनफिल्डच्या टाउन हॉलमध्ये निरोपाचा नाच झाला. गावाच्या अग्निशमन दलाने तो ठेवला होता. हजारावर माणसं आली. रात्री बाराच्या ठोक्याला चारही गावं कागदावरून पुसली जाणार होती, आणि बारा वाजले तेव्हा लोक नाचाच्या जमिनीवर उभे होते. हुंदके ऐकू आले म्हणतात. तो काही कॉन्ट्रा नव्हता, मोठा ऑर्केस्ट्रा बोलावला होता. तरी जाताना एकत्र नाचावं असं त्यांना वाटलं, हे मी वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. एनफिल्ड आता पाण्यात आहे, तिथे जाता येत नाही. म्हणून डॅना.

संध्याकाळी फ्रेंच किंग पुलावर दहा मिनिटं थांबलो. खाली खोल कनेटिकट नदी, उन्हात तांबूस झालेली. मग ग्रीनफिल्ड.

गायडिंग स्टार ग्रेंजच्या हॉलमध्ये शिरताना बाहेरचे बूट काढून पिशवीतले मऊ तळव्यांचे घालायचे, हे मला पहिल्याच दिवशी आवडलं होतं. ग्रेंज ही शेतकऱ्यांची जुनी संघटना, १८६७ सालची. तिचा हा हॉल, फळ्यांची जमीन पायाखाली किंचित लवणारी. मंचावर फिडल आणि पियानो. दोन लांब रांगा समोरासमोर, त्यांत चार-चारांचे गट. कॉलर, म्हणजे नाचाच्या हालचाली पुकारणारा, आधी एकदा चालवून दाखवतो, मग धून सुरू होते. चौसष्ट पावलांची एक फेरी, अर्ध्या मिनिटाची. फेरी संपली की जोडीदार तोच, शेजारची जोडी नवी. असं करत करत दहा मिनिटांत पूर्ण रांग भेटून जाते. रांगेच्या टोकाला पोचलं की एक फेरी नुसतं थांबायचं, वळायचं आणि उलट्या दिशेने परत निघायचं. मघाचीच माणसं पुन्हा समोर येतात.

आईला मी ‘स्विंग’ समजावला होता तो फुगडीवरून. मागे रेलायचं, समोरच्याने आपल्याला तोलायचं, आपण त्याला. चक्कर येऊ नये म्हणून नजर समोरच्याच्या डोळ्यांवर. आणि ‘हे’ नावाचा जो प्रकार आहे, चौघं एकमेकांना एकदा उजव्या आणि एकदा डाव्या खांद्याने ओलांडत विणत जातात, तो म्हणजे हातात दोरी नसलेला गोफ. आज त्या गोफात समोर ऐंशीच्या पुढचे एक आजोबा होते आणि मागे दहा-बारा वर्षांची मुलगी. आजोबा एकही पाऊल वाया घालवत नव्हते. जिथे असायला हवं तिथे धून पोचायच्या क्षणाला ते पोचलेले असायचे. इतकी वर्षं नाचून मला अजून ते येत नाही, आणि मला ते यायला हवंय.

शेवटी वॉल्ट्झ झाला. दिवे कमी केले होते. नवऱ्याने विचारलं, “डॅनात अडकलीस का?” मी हो म्हणाले.

रविवार, १२ ऑक्टोबर. शेलबर्न फॉल्स

डीअरफिल्ड नदीवर १९०८ मध्ये ट्रॉलीसाठी, म्हणजे विजेच्या ट्रामसाठी, बांधलेला पूल. ट्रॉली बंद पडली, पण दोन गावांमधली पाण्याची नळी याच पुलावरून जात होती म्हणून तो पाडता येईना. १९२९ मध्ये गावातल्या बायकांनी त्यावर माती टाकून बाग केली. आज डेलियाचा बहर होता, ताटाएवढी फुलं. मला पूर्ण पूल चालायला तास लागला.

तिथूनच आईला ठाण्याला फोन केला. तिकडे संध्याकाळ झालेली. डॅनाचं सांगितलं, निरोपाच्या नाचाचं सांगितलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “अगं, आपला शेवटचा छबिना असाच झाला होता. एरवी पालखी गावाला एक फेरा घालायची. त्या रात्री खाली टेकवायलाच कुणी तयार होईना. ढोल पहाटेपर्यंत वाजत होता. मी बाबांच्या खांद्यावर झोपले, आणि जाग आली तेव्हाही पालखी फिरतच होती.”

हे तिने मला आजवर कधीच सांगितलं नव्हतं. तिला उठवून गाव दाखवलं गेलं ते त्या रात्री, असं ती म्हणाली. पुलावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट देत मी कडेला उभी राहून ऐकत होते.

सोमवार, १३ ऑक्टोबर. घरी, मध्यरात्र

सकाळी मोनॅडनॉकच्या पायथ्याशी होतो. सपाट प्रदेशात एकटाच उरलेल्या डोंगराला भूगोलात याच डोंगराचं नाव दिलंय. कॉलेजात हा शब्द पाठ केला होता, तो डोंगर डोळ्यांपुढे होता. ३१६५ फूट. सुट्टीची गर्दी एवढी की चढलो नाही. हॅरिसव्हिलच्या लाल विटांच्या गिरण्या तळ्यात उलट्या दिसतात, त्यांच्यासमोर डबा खाल्ला.

रात्री नेल्सनच्या टाउन हॉलमध्ये नाच. न्यू हॅम्पशरमधलं एवढंसं गाव, पांढरा लाकडी हॉल, आणि दर सोमवारी नाच. इथे फार समजावत बसत नाहीत. नवख्याला शेजारचे हाताला धरून योग्य जागी नेतात. आज मीही एका घाबरलेल्या मुलाला असंच नेलं. तिसऱ्या फेरीला त्याने मान वर केली.

जमिनीच्या फळ्या मधोमध झिजल्यात. टाउन हॉल म्हटलं की परवापर्यंत मला हाच डोळ्यांपुढे यायचा, आता एनफिल्डचाही येतो.

घरी येऊन कॅलेंडर उघडलं. पुढच्या वर्षी २७ एप्रिल सोमवारी येतोय. दुपारी डॅना, रात्री नेल्सन. एका तासाचं अंतर. सुट्टीचा अर्ज आताच टाकला, आणि आईला विचारलंय, तोपर्यंत येतेस का म्हणून.